फर्दापूरहून पृथ्वी मोजताना

(फर्दापूर येथे शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे बसलेल्यांना फळा दिसतोय ना? दिसत नसेल तर पुढे सरका, आज आकडेमोड बरीच आहे.

आधी एक काम करू. ज्यांच्याकडे मोबाईल आहे त्यांनी नकाशा उघडा. तुमच्या जागेवर निळा ठिपका दिसेल. त्यावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. पहिला साधारण २०.६, दुसरा साधारण ७५.७. दशांशचिन्हानंतरचे शेवटचे आकडे प्रत्येकाचे थोडे वेगळे येतील. पहिला आकडा अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून आपण किती अंश उत्तरेला आहोत ते. दुसरा रेखांश, म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या रेघेपासून किती अंश पूर्वेला ते. दोन्ही वहीत लिहून ठेवा. आजचं सगळं बोलणं या दोन आकड्यांभोवती आहे: ते आले कुठून, ते काढण्यासाठी माणसाने काय काय केलं, आणि त्यातलं गणित आठवी ते दहावीच्या मुलांना हाताळता येतं की नाही.

आम्ही काही जण गणित शिकवतो. मुलांना गणिताची भीती का वाटते, यावर आम्ही पुष्कळ चर्चा केल्या आहेत. पण एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. ज्या यंत्रात सगळ्यात जास्त गणित भरलेलं आहे ते यंत्र मुलांच्या हातात दिवसभर असतं, आणि ते गणित अजिबात दिसू देत नाही. ठिपका दिसतो, उत्तर मिळतं, विषय संपतो.

उज्जैनची रेघ

ग्रीनिचची रेघ शून्य मानायची, हे १८८४ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या ज्योतिषगणिताची स्वतःची शून्य रेघ होती. लंका, उज्जैन आणि कुरुक्षेत्र यांच्यावरून जाणारी ती मध्यरेषा. आता मोबाईलमध्ये उज्जैन शोधा. रेखांश येईल साधारण ७५.८. आणि आपला? ७५.७. इथे एका रेखांशाचं अंतर सुमारे १०४ किलोमीटर भरतं, म्हणजे एक दशांश अंश झाला दहा किलोमीटर. म्हणजे जुन्या हिशेबाची शून्य रेघ फर्दापूरच्या इतक्या जवळून जाते. गावाच्या पाटीवर हे कुणी लिहिलेलं नाही, पण आहे खरं.

या रेघेवर भास्कराचार्यांनी एक सोपा प्रश्न सोडवला. जन्म इ. स. १११४, आणि छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्याच्या गोलाध्यायात पृथ्वीचा परीघ कसा काढायचा ते सांगितलं आहे. एकाच दक्षिणोत्तर रेघेवरची दोन गावं घ्या. दोन्हींचे अक्षांश काढा, वजाबाकी करा. दोन गावांमधलं अंतर मोजा. मग त्रैराशिक: इतक्या अंशांना इतकं अंतर, तर ३६० अंशांना किती? त्यांचं उत्तर आहे ४९६७ योजने. व्यास त्यांनी १५८१ योजनांहून किंचित जास्त दिला आहे. घरी गेल्यावर ४९६७ ला १५८१ ने भागून बघा, ३.१४ च्या पुढे काय येतं ते.

त्यांनी असंही म्हटलं आहे की विषुववृत्तापासून उज्जैन परिघाच्या सोळाव्या भागावर आहे. ३६० भागिले १६ म्हणजे साडेबावीस अंश. मोबाईल सांगतो २३.२ च्या आसपास. पाऊण अंशाहून थोडा कमी फरक. जमिनीवर तो ७५-८० किलोमीटर होतो, हे खरं. पण दुर्बीण नसताना आलेलं हे उत्तर आहे. मुलांनी ते हसण्यावारी नेऊ नये आणि त्याचा उगाच जयघोषही करू नये. चूक किती, हे काढावं. तेवढं केलं तरी गणित झालं.

भास्कराचार्यांचा आणि आपल्या डोंगरांचाही संबंध आहे. सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत, चाळीसगावजवळ पाटण म्हणून जागा आहे, आज आपण पाटणादेवी म्हणतो. तिथे इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. योगी चांगदेव वेगळे, हे वेगळे. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. शिलालेख मुख्यतः संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील सांगणाऱ्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. बाजारातल्या मालावरचा हिस्सा मठाला, आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांकडून एकेक पळी तेल. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. अजिंठ्याच्या लेण्यांमधले शिलालेखही त्यांनी अभ्यासले होते. त्या तेलाच्या पळीकडे आपण शेवटी परत येऊ.

आमची फजिती

आता हाच प्रयोग आज करायचा. आम्ही पहिल्यांदा केला तेव्हा आमची चांगलीच फजिती झाली, तीही सांगतो.

मुलांना घेऊन दक्षिणोत्तर जाणाऱ्या रस्त्यावर गेलो. एका टोकाला अक्षांश लिहिला, दुसऱ्या टोकाला लिहिला. मधलं अंतर? तेही मोबाईलच्या नकाशावर मोजलं. त्रैराशिक केलं आणि परीघ जवळजवळ ४०,००० किलोमीटर आला. आम्ही खूश. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, पण फोनला हे अंतर कसं कळलं? त्याने काय रस्ता मोजला?"

आम्ही गप्प. तिचं बरोबर होतं. फोनकडे दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश असतात आणि पृथ्वी केवढी आहे ते आधीच भरून ठेवलेलं असतं. त्यावरून तो अंतर काढतो. म्हणजे आम्ही पृथ्वी मोजलीच नव्हती. फोनच्या पोटातला आकडा काढून त्यालाच परत दाखवला होता.

तेव्हापासून नियम केला: कोन फोनकडून घ्यायचा, अंतर मात्र आपल्या हाताने, टेपने मोजायचं. काटेकोर बोलायचं तर अक्षांश काढतानाही यंत्राने पृथ्वीचा आकार गृहीत धरलेला असतो. त्यावर पडताळा हवा असेल तर रात्री ध्रुवतारा आहे. कोनमापकाला ओळंबा बांधा आणि ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजा. ती तुमच्या अक्षांशाइतकी, म्हणजे साधारण २०-२१ अंश यायला हवी.

आता फळ्यावर बघा. समजा दोन टोकांच्या अक्षांशांत ०.००५ अंशाचा फरक आहे आणि टेपने अंतर ५६० मीटर भरलं. ३६० भागिले ०.००५ म्हणजे ७२,०००. ५६० गुणिले ७२,००० म्हणजे ४०,३२० किलोमीटर. आजचा मान्य आकडा, ध्रुवांवरून मोजलेला परीघ, सुमारे ४०,००८ किलोमीटर. पन्नास मीटरची टेप, दोन फोन आणि एक त्रैराशिक, एवढ्यावर हे जमतं.

पण खरा धडा यापुढे आहे. उघड्या जागी साध्या फोनची चूक चार-पाच मीटर असू शकते. दोन्ही टोकांची मिळून दहा मीटर धरा. दहा मीटर गुणिले ७२,००० म्हणजे ७२० किलोमीटर! रस्त्यावरची दहा मीटरची चूक पृथ्वीवर ७२० किलोमीटर होऊन बसते. मग उपाय काय? मुलं स्वतःच सांगतात: रस्ता लांब घ्या. दहापट लांब घेतला तर चूक ७२ किलोमीटरवर येते. चूक तीच, पण वाटली गेली. जुन्या लोकांनी दोन घरं न घेता दोन दूरची गावं का घेतली, ते इथे आपोआप समजतं.

साखळी, कोन आणि हिंगणघाटची कबर

लांबवर मोजायचं तर टेप पुरत नाही. मधे नद्या येतात, घाट येतात. यावरचा उपाय म्हणजे त्रिकोण. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू कागदावर निघतात. १८०२ साली विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची एक आधाररेषा साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोणांची माळ गुंफायला घेतली. कोन मोजायचा त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. तो टेकडीवर, देवळाच्या गोपुरावर चढवायचा. ७८ रेखांशाच्या आसपास ही माळ उत्तरेकडे सरकत गेली. १८१८ पासून या कामाला 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' हे नाव मिळालं. थिओडोलाइट उचलणारे, टेकड्यांवर झेंडे आणि दिवे धरून रात्र रात्र बसणारे खलाशी इथलेच होते. त्यांची नावं इतिहासात फारशी आली नाहीत.

लॅम्टन निजामाच्या मुलुखात होता त्याच काळात, २८ एप्रिल १८१९ रोजी, मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या घळीत आला आणि १० नंबरच्या लेण्यात आपलं नाव आणि ही तारीख कोरून गेला. लेणी 'सापडली' असं पुस्तकात असतं. इथल्या लोकांना ती ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाच्या नकाशावर मात्र ती नव्हती. ही २८ एप्रिल तारीख लक्षात ठेवा.

लॅम्टन हिमालयापर्यंत पोहोचला नाही. २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला, त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. त्याने पृथ्वीसाठी जो किंचित चपटा आकार ठरवला, त्यावर आपले जुने सरकारी नकाशे बेतलेले आहेत. उपग्रह वेगळा आकार धरतात. म्हणून जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे मोबाईलमध्ये टाकले तर आपल्या भागात खूण साधारण शंभर मीटर सरकते. चूक दोघांचीही नाही. दोघांनी पृथ्वी वेगळी मानली आहे. आकडा कोणत्या मापाने दिला हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

कोनाकडून घड्याळाकडे

अक्षांशाचं ध्रुवताऱ्यावर भागतं, रेखांशाचं भागत नाही. रेखांश म्हणजे वेळ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७५.७ वर. फरक ६.८ अंश, गुणिले चार, सत्तावीस मिनिटं. म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्याशी येतो तो बाराला नाही, सरासरी १२ वाजून २७ मिनिटांनी. वर्षभरात तो थोडा मागेपुढे होतो. शाळेच्या अंगणात काठी रोवून सावली मोजा, दिसेल. जुन्या ज्योतिषांनी दोन गावांच्या वेळांतला फरक काढायला चंद्रग्रहण वापरलं. जहाजावरच्या लोकांना चांगलं घड्याळ लागलं.

उपग्रहाने तर सगळाच प्रश्न वेळेवर आणला. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक वर गेला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वाइफेनबाख त्याचा आवाज ऐकत होते. गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढतो आणि लांब जाताना उतरतो, तसा स्पुटनिकचा सूर बदलत होता. त्यावरून तो कुठून जातोय हे त्यांनी काढलं. मग फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला: उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे, हे काढता येईल का? त्यातून आधी 'ट्रान्झिट' आणि पुढे जीपीएस आलं. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ चा, यंत्रणा पूर्ण झाली १९९५ ला.

एक गैरसमज दूर करू. फोन उपग्रहाला काही विचारत नाही. तो फक्त ऐकतो, रेडिओसारखा. प्रत्येक उपग्रह सारखं एवढंच सांगत असतो: मी अमुक आहे, अमुक जागी आहे, आणि हे वाक्य सोडलं तेव्हा अमुक वाजले होते. फोन बघतो की वाक्य पोहोचायला किती वेळ लागला. वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, म्हणजे अंतर. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंच आहेत. तिथून निरोप यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो.

मैदानावर तीन खुंट्या

आता अंतरांवरून जागा कशी काढायची? मैदानावर तीन खुंट्या ठोका. पहिली कोपऱ्यात, (०, ०). दुसरी दहा मीटर पूर्वेला, (१०, ०). तिसरी दहा मीटर उत्तरेला, (०, १०). एका मुलाला मधे कुठेही उभं करा आणि प्रत्येक खुंटीपासून सुतळी ताणून मोजा. समजा ५ मीटर, ८.०६ मीटर आणि ६.७१ मीटर आलं. वर्ग करा: २५, ६५, ४५. दहावीच्या निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र लावा.

क्ष वर्ग अधिक य वर्ग बरोबर २५.
(क्ष वजा १०) चा वर्ग अधिक य वर्ग बरोबर ६५.
क्ष वर्ग अधिक (य वजा १०) चा वर्ग बरोबर ४५.

दुसऱ्यातून पहिलं वजा करा. वर्ग सगळे उडून जातात. १०० वजा २० क्ष बरोबर ४०, म्हणून क्ष बरोबर ३. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की य बरोबर ४. मुलगा उभा आहे (३, ४) वर. अवघड दिसणारी वर्गसमीकरणं एका वजाबाकीने सरळ रेषेची झाली. फोन हेच करतो, फक्त खुंट्या आकाशात असतात, त्या सारख्या फिरत असतात आणि उंची हा आणखी एक अज्ञात असतो.

मग तीन उपग्रह पुरेत की. चौथा कशाला? कारण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरने चुकतं. आता अशी टेप घ्या जिचा पहिला तुकडा तुटला आहे, पण किती तुटला ते माहीत नाही. तिने मोजलेलं प्रत्येक अंतर सारखंच चुकणार. मग तुटलेला तुकडा हाही एक अज्ञात धरा. अज्ञात झाले चार, म्हणून समीकरणं चार, म्हणून उपग्रह चार. मैदानावर हे करून बघा: टेप मुद्दाम वीस सेंटिमीटरपासून लावा आणि चौथी खुंटी ठोका. तीन वर्तुळं एका जागी मिळत नाहीत, एक त्रिकोणी फट राहते. सगळ्या अंतरांत सारखाच बदल करत गेलं की फट मिटते. किती बदल केला, तेवढी टेप तुटलेली.

घड्याळ कोणाचं?

उपग्रहातली घड्याळं मात्र स्वस्तातली चालत नाहीत. ती अणुघड्याळं असतात. वेग आणि गुरुत्वाकर्षण यांच्यामुळे जीपीएसचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ही दुरुस्ती आईन्स्टाईनच्या गणितातून येते. ती केली नाही तर दिवसाला अकरा किलोमीटर चूक साचेल.

भारताने स्वतःची यंत्रणा उभी करायला घेतली. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला, सातवा २८ एप्रिल २०१६ ला, आणि त्या दिवशी तिचं नाव ठेवलं गेलं 'नाविक'. जॉन स्मिथची तारीखही २८ एप्रिलच! १९७ वर्षांचं अंतर, निव्वळ योगायोग. पण आनंद फार टिकला नाही. पहिल्या उपग्रहातली तीनही अणुघड्याळं बंद पडली. ती आयात केलेली होती. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये रॉकेटचं उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. एप्रिल २०१८ मध्ये दुसरा गेला. आणि २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसलं. आकाशात खुंट्या असून भागत नाही, वेळ मोजणारं घड्याळही करता यावं लागतं.

बांधावरचं गणित

आता पालकांसाठी. शेताच्या बांधावरून वाद झाला की हल्ली लोक मोबाईल पुढे करतात, 'हे बघा, रेघ इथून जाते.' शंभर मीटरचा बांध आणि फोनची पाच मीटरची चूक, गुणाकार करा: ५०० चौरस मीटर. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ पाच गुंठे! नात्यात कायमची तेढ यायला पाच गुंठे पुष्कळ झाले.

सरकारी मोजणीत आता रोव्हर नावाचं यंत्र येतं. तेही उपग्रहच ऐकतं, मग त्यावर विश्वास का? कारण त्याच वेळी एक स्थिर केंद्र तेच उपग्रह ऐकत असतं आणि त्या केंद्राची जागा आधीच पक्की माहीत असते. केंद्राला जेवढी चूक दिसते तेवढी रोव्हरच्या मोजणीतून वजा करतात. चूक मीटरवरून सेंटिमीटरवर येते. पुन्हा वजाबाकीच, खुंट्यांच्या खेळातली. ज्या मुलाने मैदानावर फट मिटवली आहे, तो बांधावर मोबाईल नाचवणाऱ्याला शांतपणे विचारेल, 'काका, याची चूक किती मीटर?' एवढा एक प्रश्न घरात आला तरी गणिताचा तास फुकट गेला नाही असं आम्ही समजू.

आता तेलाची पळी. आठशे वर्षांपूर्वी याच डोंगररांगेत गणित शिकवण्याची सोय झाली, तिला राजाश्रय होता, पण घाण्यावरच्या तेलाचाही वाटा होता. एका पळीने घाणेवाल्याचं काही अडलं नसेल. दिवे मात्र जळले असतील आणि दिव्याखाली कुणीतरी त्रैराशिक सोडवलं असेल. आपल्याला लागणारं सामान त्याहून थोडं आहे: एक टेप, सुतळीचा गुंडा, चार खुंट्या आणि घरातला मोबाईल एका तासापुरता. तेवढं दिलंत तर पुढच्या अमावास्येच्या आसपास, चंद्र नसताना, ध्रुवतारा मोजायला बसू. कोनमापक आणि ओळंबा आम्ही आणतो.

आता प्रश्न विचारा. आधी मुलं, मग मोठी माणसं.